खलफेसाहेब आणि बिनठेक्याचं यंत्र

आमच्या प्रयोगशाळेला उत्तरेकडे एक मोठी खिडकी होती. तिच्यापाशी उभे राहून उस्मान खलफे दिवसाला वीस-पंचवीस वेळा ठाम निर्णय घ्यायचे. आमचा कारखाना तळोज्याला होता आणि तिथे कापडाचे रंग बनायचे. प्रत्येक बॅचमधून एक पट्टी रंगवून लॅबमध्ये यायची. खलफेसाहेब ती मूळ नमुन्याच्या पट्टीशेजारी धरायचे, डोळे किंचित बारीक करायचे आणि म्हणायचे, "लालसर. फेल." किंवा, "पास. पुढची आण." मला दोन्ही पट्ट्या सारख्याच दिसत. मी एकोणनव्वदच्या सुमारास तिथे ज्युनिअर केमिस्ट म्हणून लागले, आणि पहिले सहा महिने माझ्या डोळ्यांतच काही दोष आहे अशी माझी समजूत होती.

खिडकीपासून दहा पावलं लांब गेले की या माणसाचं काहीच ठरत नसे.

कॅन्टीनच्या रांगेत ते पुढे असले तरी त्यांचं ताट शेवटी भरायचं. उसळ घ्यावी की पातळ भाजी, हे ठरेपर्यंत मागचे सगळे पुढे गेलेले असत. एकदा छत्री घ्यायला गेले आणि दोन घेऊन आले. एक लाकडी मुठीची, एक घडीची. पावसाळाभर रोज सकाळी दोन्ही दारात उभ्या. त्यांच्या बायकोला, झुबेदाभाबींना, मी एकदा विचारलं की लग्नाला तरी लगेच हो म्हणाले होते का. भाबी कांदा चिरत होत्या. म्हणाल्या, "मी पसंत हाय की नाय ते अजून कुठं सांगितलंय त्यांनी? बावीस वर्षं झाली."

खलफे मूळचे म्हसळ्याच्या पलीकडल्या एका गावचे. बेलापूरला आमच्याच वसाहतीत राहायचे, त्यामुळे कंपनीची बस आम्ही एकाच थांब्यावर पकडायचो. रविवारी भाबी त्यांना मासळीसाठी जवळच्या दिवाळे गावात पाठवायच्या. तिथे गावातल्या बायका खाडीच्या कडेला पाट्या मांडून बसत. एकदा मी बरोबर गेले होते. खलफेसाहेबांनी एका पाटीतला बोंबील हातात घेऊन बघितला आणि शेजारची बाई म्हणाली, "आवं भाऊ, मागल्या रविवारी पन तिच्याकरशीच घेतलंत. आमी काय वंगाल हाव?" झालं. त्यांनी हिच्याकडून बोंबील घेतले, तिच्याकडून मांदेली घेतली, आणि तिसरी नुसती त्यांच्याकडे बघत होती म्हणून तिच्याकडून कोलंबी घेतली. घरात माणसं दोन. परत येताना मी हसले, तर म्हणाले, "एकीचं घेतलं की दुसरीला वाटणार ना बाय, की माझं काय वाईट होतं. मासळी सगळ्यांचीच ताजी होती. मग कसं ठरवायचं?"

तेव्हा मला ते भोळेपणाचं वाटलं.

कारखान्यात आमचा एक हौशी वाद्यवृंद होता. खंडेनवमीला यंत्रांची पूजा, सुरक्षा सप्ताह, कुणाचा निरोपसमारंभ, एवढ्यापुरताच. खलफेसाहेब अकॉर्डियन वाजवायचे. ती त्यांनी तरुणपणी मुंबईच्या जुन्या बाजारातून आणली होती आणि तिचे तीन सूर मुके होते. गाण्यात त्यातला एखादा सूर आला की ते असे काही वळसा घालून जात की ऐकणाऱ्याला मूळ चालच तशी असावी असं वाटे. गायला पर्सोनेल ऑफिसर असायचे. ते साहेब होते, म्हणून गायचे. स्टोअरमधला एक जण गिटार वाजवायचा. आणि ढोलकावर रिअॅक्टर ऑपरेटर शिंदे.

शिंदे साताऱ्याकडचा, कळंबोलीत एका खोलीत कुटुंब घेऊन राहायचा. त्याची आणि खलफेसाहेबांची ओळख कशी झाली ते सगळ्या कारखान्याला माहीत होतं. एखादी बॅच फेल झाली की खलफेसाहेब नुसता कागद पाठवत नसत. स्वतः जाऊन ऑपरेटरला सांगायचे, मग सही करायचे. अशीच शिंद्याची बॅच फेल झाली म्हणून ते प्लांटवर गेले, तर हा गडी रिकाम्या प्लास्टिकच्या ड्रमवर बोटं वाजवत बसलेला. खलफेसाहेब पाठीमागे उभे राहून ऐकत राहिले. शिंद्यानं वळून बघितलं आणि घाबरून उभा राहिला. खलफेसाहेब म्हणाले, "बॅच फेल आहे, शिंदे. तू पास." त्याच दिवशी त्याला वाद्यवृंदात घेतलं. त्यालाही आता बारा वर्षं झाली होती.

चौऱ्याण्णवच्या आसपासची गोष्ट. अकॉर्डियनचा भाता उसवला आणि मुक्या सुरांची संख्या सातावर गेली. खलफेसाहेबांचा धाकटा भाऊ इब्राहिम दोह्याला नोकरीला होता. त्याचं पत्र आलं: भाईजान, ईदला येतोय, तुमच्यासाठी नवीन वाद्य आणतो. दुकानात दोन प्रकार आहेत. एक अॅरेंजर कीबोर्ड, एक सिंथेसायझर. किंमत जवळजवळ सारखीच. कोणतं आणू ते कळवा.

पत्र घेऊन खलफेसाहेब बसच्या थांब्यावर आले तेव्हा त्यांचा चेहरा बघून मला वाटलं घरी कुणी आजारी आहे.

"बाय, अॅरेंजर म्हणजे काय गं?"

मला माहीत नव्हतं. बसमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. अकाउंट्सचे एक जण म्हणाले, अॅरेंजर म्हणजे लग्नं जमवणारा असेल. खलफेसाहेबांनी तेही गंभीरपणे ऐकून घेतलं.

त्यांनी भावाला लिहिलं की फरक समजत नाही, ऐकवशील का. पंधरा दिवसांनी दोह्याहून कॅसेट आली. त्या काळी आखातातून घरोघरी अशा कॅसेटी यायच्या, पत्राऐवजी माणसं बोलून पाठवायची. या कॅसेटमध्ये इब्राहिम दुकानात उभा राहून बोलत होता. अस्सलाम, खुशाली, मग म्हणाला, "हे ऐका आता," आणि दुकानातला केरळी विक्रेता काहीतरी दाबायचा की धडाधड वाजायला लागायचं. ड्रम, गिटार, बासऱ्या, सगळा ताफा. कॅसेट उलटून दुसऱ्या बाजूलाही तसंच. एका बाजूला एक वाद्य, दुसऱ्या बाजूला दुसरं. घोटाळा एवढाच, की कोणत्या बाजूला कोणतं ते इब्राहिम सांगायला विसरला होता.

पुढचे तीन आठवडे आमच्या लॅबमध्ये, बसमध्ये, कॅन्टीनमध्ये ती कॅसेट वाजत राहिली. खलफेसाहेब ज्याला त्याला ऐकवायचे. मॅनेजरपासून माळ्यापर्यंत. प्रत्येकाचं मत एका वहीत लिहून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला पुन्हा विचारायचे. मत बदललेलं असलं की त्यांना बरं वाटायचं. मला तर दोन्ही बाजू सारख्याच वाटत होत्या. पहिली आवडली म्हणून सांगितलं, मग दुसरी, आणि शेवटी माझंच डोकं इतकं गरगरलं की मी म्हटलं, "साहेब, त्या रंगाच्या पट्ट्या तुम्ही एका नजरेत ओळखता. मग हे का जमत नाही?"

त्यांनी खिडकीतली नमुन्याची पट्टी उचलली. "तिथं हातात नमुना असतो, बाय. नमुना दिला की मला कळतं किती चुकलंय. इथं नमुनाच नाय. कशाशी लावून बघू?"

शेवटी एका शनिवारी मी त्यांना घेऊन वाशीला एका वाद्यांच्या दुकानात गेले. भाबी पण आल्या. दुकानात दोन्ही प्रकार होते. विक्रेत्यानं आधी अॅरेंजर दाखवला. डाव्या हाताचं एक बोट त्यानं एका पट्टीवर ठेवलं आणि ठेका सुरू झाला. ढोलकासारखं काहीतरी, त्याच्या खाली जाड तारेचा आवाज. बोट सरकवलं की सगळा ताफा सरकायचा.

"बघा सर, उजव्या हातानं फक्त चाल वाजवायची. बाकी सगळं आपोआप. एकटा माणूस पूर्ण ऑर्केस्ट्रा. आता लग्नाहळदीला सगळे हेच नेतात."

"हा ढोलक कोण वाजवतोय?" खलफेसाहेबांनी विचारलं.

"कोणी नाही सर. ऑटोमॅटिक आहे."

"तसं नाय. पहिल्यांदा कुणीतरी वाजवला असेल ना?"

विक्रेत्यानं माझ्याकडे पाहिलं. मी भाबींकडे. भाबी म्हणाल्या, "दुसरं दाखव रे बाबा."

सिंथेसायझरला तसा एका बोटाचा ठेका नव्हता. विक्रेता म्हणाला, यात आवाज पाहिजे तसा घडवता येतो, बारीक करा, जाड करा, वाजवलेलं साठवूनही ठेवता येतं. पण वाजवायचं सगळं आपल्यालाच. आपोआप काही नाही. मग कॅसेटवर सगळा ताफा कसा, असं मी विचारलं. तो म्हणाला, ते कंपनीनं आधीच भरून ठेवलेलं नमुन्याचं गाणं असतं, दुकानात दाखवायला.

 तिसऱ्या दिवशी खलफेसाहेब मला म्हणाले, "पत्र टाकलं. सिंथेसायझर आण म्हणून लिहिलं."

मी चकित झाले. अभिनंदनच करणार होते, तोवर कळलं की पत्र पेटीत टाकल्यानंतर तासाभरानं ते परत तिथं गेले होते. टपालवाला पेटी उघडायला येईपर्यंत उभे राहिले आणि त्याच्याकडे आपलं पत्र परत मागितलं. तो म्हणाला, "पेटीत पडलं की ते सरकारचं झालं." खलफेसाहेबांनी त्याला आतल्या मजकुराची सगळी हकीकत सांगितली. त्यानं शांतपणे ऐकली, पिशवी बांधली, सायकलवर बसला आणि गेला. पत्र दोह्याला पोचलं ते असं.

ईदच्या आदल्या आठवड्यात इब्राहिम आला. सिंथेसायझर काळा, लांबलचक, खोक्यासकट भाबींच्या दिवाणाएवढा. पुढच्या शनिवारी शिफ्ट सुटल्यावर तो कॅन्टीनच्या टेबलावर मांडला. वाद्यवृंद जमला. खलफेसाहेबांचा चेहरा उजळलेला होता. त्यांनी शिंद्याला जवळ बोलावलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "शिंदे, बघ. दुसरं एक यंत्र होतं, त्यात ढोलक आपोआप वाजतो. मी ते घेतलं नाय. तू टेन्शन घेऊ नको. तुझी जागा पक्की आहे."

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. तीन आठवडे सगळ्या कारखान्याला कॅसेट ऐकवली होती, पण शिंदे दुसऱ्या पाळीला असताना. कॅसेटमधले ड्रम त्याच्या कानी पडू नयेत म्हणून तो आला की कॅसेट खिशात जायची. इतका गोंधळ, इतकी वही भरली, ती ज्याच्यासाठी, त्यालाच विचारायचं धाडस या माणसाला झालं नव्हतं.

शिंदे यंत्राकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "आपोआप वाजनारं हुतं?"

"होतं."

"किमतीला ज्यादा हुतं का?"

"नाय, तेवढंच."

"मंग ते का न्हाई आनलं, साहेब?"

खलफेसाहेबांना प्रश्नच कळला नाही. "अरे, मग तुझं काय झालं असतं?"

"माझं?" शिंद्याचा आवाज चढला. तो कधी चढत नसे. "माझं बरं झालं असतं! बारा वर्सं खाली मान घालून बसलोय. ह्यो गातोय, त्यो गातोय, अन् मी वाजवतोय. मला एकदा हुभं ऱ्हाऊन गायचं हुतं. गावाकडं जत्रंत मी गायचो साहेब, ढोलक माझा भाऊ वाजवायचा. हितं ढोलक्या कुनी न्हाई म्हनून मी बसलो. म्हनलं यील कुनीतरी. कुनी आलं न्हाई. आन् यंत्र येनार हुतं, तर ते तुमी माघारी लावलं. सगळ्यास्नी इचारलंत. मला कुनी इचारलं?"

पर्सोनेल ऑफिसर खोकले. बसचा हॉर्न वाजला. खलफेसाहेब हातातली वायर गुंडाळत राहिले, गुंडाळून झाल्यावर पुन्हा सोडली, पुन्हा गुंडाळली.

बसमध्ये ते माझ्या शेजारी बसले. बेलापूर येईपर्यंत एवढंच म्हणाले, "बाय, मला वाटलं मी त्याची बाजू घेतली."

रविवारी ते कळंबोलीला शिंद्याच्या घरी गेले. दोन तास बसले, असं शिंद्याच्या बायकोनं पुढे कधीतरी मला सांगितलं.  चहा घेतला, पुन्हा चहा घेतला. निघताना दारात उभे राहून म्हणाले, "शिंदे, मी चुकलो. आता तू सांग, काय करू?" शिंदे म्हणाला, "मला काय ठावं, साहेब. यंत्र तुमचं."

सोमवारपासून खलफेसाहेबांनी त्या सिंथेसायझरचं पुस्तक डब्याबरोबर आणायला सुरुवात केली. दोनशे पानांचं, इंग्रजी, आणि तेही असं की वाचणाऱ्याला आपण शाळेत गेलोच नव्हतो असं वाटावं. जेवणाच्या सुट्टीत मी एकेक वाक्य वाचून मराठीत सांगायची आणि दोघांनाही कळायचं नाही. एवढं मात्र उमगलं की वाजवलेलं साठवता येतं म्हणजे खरोखर येतं, आणि ठेका जर शिंद्यानं स्वतःच यंत्राच्या पट्ट्यांवर बोटांनी वाजवून भरला, तर नंतर तो उभा राहून गाऊ शकेल.

यंत्रातला आवाज मात्र ढोलकाचा नव्हता. कुठल्या तरी परदेशी ढोलाचा होता. मग शनिवारी कॅन्टीनमध्ये शिंदे आपला खरा ढोलक घेऊन बसला. तो एक थाप मारायचा, खलफेसाहेब ती ऐकायचे, डोळे बारीक करायचे, यंत्रावरचं एक सरकतं बटण केसभर हलवायचे. "परत मार." थाप. "जाड आहे. अजून." थाप. "आता चढला. खाली." तास गेला, दोन तास गेले. त्या दोन तासांत खलफेसाहेब एकदाही अडखळले नाहीत. कुणाला काही विचारलं नाही. शेवटी त्यांनी पट्टीवर बोट मारलं, शिंद्यानं ढोलकावर थाप मारली, आणि खलफेसाहेब म्हणाले, "पास."

शिंद्यानं मग त्या पट्ट्यांवर बोटांनी ठेका भरला. पहिल्यांदा हसत होता, नंतर ओठ घट्ट मिटून वाजवला.

खंडेनवमीला पूजा झाल्यावर कार्यक्रम होता. कॅन्टीनमध्ये झेंडूच्या माळा, पुढच्या रांगेत मॅनेजर, मागे तिन्ही पाळ्यांचे लोक. शिंद्याची बायको लेकरं घेऊन आली होती. शिंदे इस्त्रीचा शर्ट घालून माइकसमोर उभा राहिला. हातांचं काय करावं ते त्याला कळेना. खलफेसाहेबांनी बटण दाबलं आणि शिंद्याचा ढोलक शिंद्याशिवाय वाजायला लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तो गावाकडचं एक गाणं गायला, जत्रेतलं. आवाज खणखणीत होता. पण दुसऱ्या कडव्यात एका ओळीवर तो रमला. गावाकडे तिथे थांबायची पद्धत असावी. त्यानं सूर धरून ठेवला, डोळे मिटले, आणि यंत्र थांबलं नाही. ते पुढे गेलं. शिंद्यानं डोळे उघडले तेव्हा ठेका कुठल्या कुठे होता. त्यानं धावत जाऊन पकडायचा प्रयत्न केला, पुन्हा सुटला. मागच्या बाकांवर हसू फुटलं.

मी खलफेसाहेबांकडे पाहिलं. त्यांची नजर शिंद्याकडून यंत्राकडे, यंत्राकडून शिंद्याकडे. मला वाटलं, संपलं, आता हे संध्याकाळपर्यंत असेच बसणार.

त्यांनी बटण बंद केलं. ढोलक एकदम थांबला. मग ते उजव्या हातानं शिंद्याच्या मागून वाजवायला लागले, अगदी हळू. तो थांबला की थांबायचे, तो निघाला की निघायचे. ठेका नव्हताच. शिंद्यानं तिसरं कडवं तसंच गायलं. हसू विरलं. मॅनेजरांनी शेवटी मान डोलावली, ती कळून की शिष्टाचार म्हणून, कुणास ठाऊक.

गाणं संपल्यावर शिंदे घाम पुसत आमच्याकडे आला. मला वाटलं चिडला असेल.

"साहेब," तो म्हणाला, "माझाच ढोलक माझं ऐकंना की हो!" आणि खो खो हसायला लागला. खलफेसाहेबही हसले, पण जरा उशिरानं. हसावं की नाही याचा त्यांना अंदाज आला नसावा.

त्यानंतर असं ठरलं, म्हणजे कुणी ठरवलं नाही पण होत गेलं, की दर कार्यक्रमात शिंदे एक गाणं उभा राहून गायचा, बिनठेक्याचं, आणि बाकीच्या गाण्यांना ढोलकावर बसायचा. तो खूष होता का, मला सांगता येणार नाही. आपण योग्य वाद्य घेतलं का, हे खलफेसाहेब मला त्यापुढेही दर दोन-तीन महिन्यांनी विचारायचे. मी एकदा हो म्हणे, एकदा नाही. ते दोन्ही वेळा मान हलवत.

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा कारखान्यातली माणसं कमी व्हायला लागली. स्वेच्छानिवृत्तीचा कागद खलफेसाहेबांकडेही आला. तो किती दिवस त्यांच्या टेबलावर पडून होता, ते मी सांगायला नको. अखेर भाबींनी सही करायला लावली आणि दोघांनी गावी जायचं नक्की केलं.

त्यांना पोचवायला मी पनवेलच्या एसटी स्टँडवर गेले होते. सामान आधीच टेम्पोनं गेलं होतं. बरोबर फक्त सिंथेसायझरचं लांबलचक खोकं. कंडक्टर म्हणाला, टपावर टाका. खलफेसाहेब नाही म्हणाले. एवढं स्वच्छ 'नाही' मी त्यांच्या तोंडून लॅबबाहेर प्रथमच ऐकलं. मग खोकं आत गेलं आणि तीनच्या बाकावर आडवं बसलं. भाबी खिडकीशी, खोकं त्यांच्या शेजारी, आणि खलफेसाहेब मधल्या वाटेत दांडी धरून उभे.

"बसा की साहेब," मी खिडकीतून म्हटलं. "म्हसळ्यापर्यंत उभे जाणार का?"

"बसतो, बसतो." त्यांनी खोक्याकडे बघितलं, भाबींकडे बघितलं. खोकं उभं करावं, तर आतलं काही हलेल. मागे जाऊन बसावं, तर याच्यावर लक्ष कुणाचं? पुढच्या बाकावरचा एक म्हातारा सरकून जागा देत होता, त्याला नाही म्हणावं तर वाईट वाटेल. ड्रायव्हर चढला. गाडी सुरू झाली.

भाबींनी खोक्याला हात घातला आणि एका दमात ते स्वतःच्या मांडीवर ओढून घेतलं. त्याचं एक टोक माझ्या तोंडासमोर खिडकीबाहेर आलं. मग त्यांनी खलफेसाहेबांची बाही धरून खाली ओढली.

"बसा!"

खलफेसाहेब बसले.